अठरा तासांचा एक दिवस की अठरा मिनिटांचे वर्ष?

एप्रिल उजाडला की आपल्या वस्त्यांमधून, वसतिगृहांमधून, महाविद्यालयांमधून एक चांगला उपक्रम सुरू होतो. '१८ तास अभ्यास अभियान'. बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, म्हणून त्यांना अभिवादन करायचे ते सलग अठरा तास वाचून. सकाळी सहाला त्रिशरण-पंचशील होते, सतरंज्या अंथरल्या जातात, मुले-मुली पुस्तके उघडून बसतात, ते थेट रात्री बारापर्यंत. दुपारी दोन ते चार हा काळ मोठा कठीण. पाठीमागे बॅनर असतो आणि त्याच्याखाली निम्मी मंडळी बसल्या बसल्या पेंगत असतात. आम्ही स्वतः सात वर्षे अशा अभियानात बसलो आहोत आणि त्यानंतर चार वर्षे त्याच्या आयोजनात राबलो आहोत. तेव्हा पुढे जे लिहितो आहोत ते बाहेर उभे राहून केलेली टिंगल समजू नये.

आमचा प्रश्न एवढाच आहे : १५ एप्रिलला काय होते?

१५ एप्रिलला सतरंज्या झटकून मंडपवाल्याला परत जातात. फोटो स्टेटसवरून उतरतात. आणि अठरा तास वाचलेल्या मुलाचा पुस्तकाशी पुन्हा संबंध येतो तो बहुधा पुढच्या एप्रिलमध्ये. हिशेब साधा आहे. अठरा तास म्हणजे १०८० मिनिटे. रोज अठरा मिनिटे वाचणारा माणूस साठ दिवसांत तेवढे वाचून मोकळा होतो. वर्षभरात त्याचे १०९ तास भरतात, म्हणजे अशी सहा अभियाने पदरात पडतात. संथ वाचणाऱ्याला एका पानाला तीन मिनिटे लागतात असे धरा, तरी रोज सहा पाने आणि वर्षाला दोन हजारांहून जास्त पाने होतात. यात कुठेही जागरण नाही, मंडप नाही, वर्गणी नाही. फोटोही नाही, आणि तीच अडचण असावी.

आपला समाज पुस्तक विकत घेणारा समाज आहे. हे आम्ही अभिमानाने सांगतो. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर जे पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथली गर्दी ज्याने पाहिली नाही त्याने महाराष्ट्रातील वाचनसंस्कृतीवर बोलू नये. स्वतःला अक्षर येत नसलेली म्हातारी माय कनवटीचे पैसे सोडून नातवासाठी पुस्तक घेते, हे दृश्य दुसऱ्या कोणत्या गर्दीत दिसते ते आम्हाला दाखवावे. पण ते पुस्तक घरी येते आणि पुढे काय होते? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस'चे खंड काढायला सुरुवात केली. किती घरांत ते शोकेसमध्ये ट्रॉफीच्या शेजारी उभे आहेत! काहींचे प्लास्टिकही निघालेले नाही. वंदनेला ग्रंथ पाटावर ठेवायचा, फूल वाहायचे, मेणबत्ती लावायची आणि पुन्हा कपड्यात गुंडाळून ठेवायचा. पोथीचे करतात तेच आपण करू लागलो, तर पोथी सोडली ती कशासाठी?

याच समाजाजवळ रोज थोडे वाचण्याची एक उत्तम पद्धत आधीपासून आहे, हे मात्र आपल्या लक्षात येत नाही. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहाराविहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया रोज संध्याकाळी येतात, एकजण वाचते, बाकीच्या ऐकतात. बाबासाहेबांनी या ग्रंथाची रचनाच अशी केली आहे की तो थोडाथोडा वाचता यावा : खंड, खंडात भाग, भागात प्रकरणे, आणि प्रत्येक विधानाला क्रमांक. आज इथपर्यंत वाचले, उद्या पुढच्या क्रमांकापासून. तीन महिने न चुकता रोज अर्धा तास! वाचनाच्या बाबतीत आपल्या पदवीधरांना जे जमत नाही, ते आपल्या आयाबहिणी वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत.

त्यात कमी एकच होती, प्रश्नाची. अकोल्यातील आमच्या वस्तीतल्या विहारात पाच वर्षांपूर्वी आम्ही एवढेच सुचवले की वाचन संपल्यावर लगेच सरणत्तयं न घेता दहा मिनिटे थांबावे आणि कुणीतरी एक प्रश्न विचारावा. पहिला आठवडाभर सगळ्या एकमेकींकडे बघत राहिल्या. आठव्या-नवव्या दिवशी मागच्या रांगेतल्या एक आजी बोलल्या. सिद्धार्थाने घर सोडले ते शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणावरून, असे त्या दिवशी वाचून झाले होते. आजी म्हणाल्या, "मंग पोराच्या शाळेच्या पुस्तकात मेलेला माणूस, म्हातारा माणूस काहून लिहून हाये?"

हा प्रश्न म्हणजे गंमत नाही. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकात जे चार प्रश्न उपस्थित केले आहेत, त्यातला पहिलाच हा आहे : एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्याआधी कधी म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता, हे कसे पटावे? आजींनी अकरा वर्षावास हा ग्रंथ ऐकला होता. बाराव्यात त्यांनी तो वाचला, असे आम्ही म्हणू. अक्षरे दुसऱ्याने वाचून दाखवली म्हणून काय झाले?

त्या वर्षावासानंतर आमचा एक लहानसा गट तयार झाला. त्याला आम्ही मुद्दाम नाव दिले नाही. नाव दिले की अध्यक्ष लागतो, अध्यक्ष आला की दोन गट होतात, हा आपला जुना अनुभव आहे. विहाराच्या कपाटात एक साधी दोनशे पानी वही ठेवली. ज्याला वाचायचे आहे त्याने तीत आपले रोजचे ध्येय लिहायचे आणि रविवारी येऊन किती झाले ते सांगायचे. अट एकच : वाईटात वाईट दिवशीही जमेल एवढेच ध्येय लिहायचे. दुहेरी पाळी झाली, घरात कुणी आजारी पडले, लाईट गेली, तरी होईल एवढेच.

ही अट ऐकायला सोपी वाटते, पण आमच्या तरुणांना ती फार जड गेली. आपल्याकडे लहान ध्येय लिहायची लाज वाटते. बाबासाहेबांचे अनुयायी आणि रोज चार पाने? एका मुलाने पहिल्याच दिवशी 'रोज १०० पाने' असे ठसठशीत लिहिले. चौथ्या दिवसापासून तो रविवारीच काय, विहाराच्या गल्लीतही दिसेना. दोन महिन्यांनी आला, आधीचा आकडा खोडला आणि ४ लिहिले. आज तो गटातला सर्वात नियमित वाचक आहे. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी लिहिले, 'पेपरातला एक लेख, पूर्ण.' 'पूर्ण' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली होती. त्या प्रश्नकर्त्या आजींचे ध्येय नातीने लिहिले : 'रोज एक पान ऐकणे.' सुरुवातीला आम्ही एकोणीस जण होतो. चार महिन्यांत तेरा उरलो. त्यानंतर मात्र कुणी गळाले नाही, उलट आता सव्वीस आहोत.

याचा उपयोग काय, असे विचारणारे भेटतात. उपयोग मोजून वाचावे असे आम्हाला वाटत नाही, तरी एक प्रसंग सांगतो. गटातल्या एका मुलीला बारावीनंतर एका महाविद्यालयात प्रवेश मिळाला. वडील बाजार समितीत हमाल. प्रवेशाच्या खिडकीवर तिला सांगण्यात आले की पूर्ण फी आधी भरा, शिष्यवृत्ती आली की परत करू. हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकले असेल! आणि किती घरांतून त्या वाक्यानंतर व्याजाने पैसे उचलले गेले असतील, किती मुली घरी बसल्या असतील! तिच्या वडिलांनीही मुकादमाला विचारून ठेवले होते.

या मुलीने त्या रात्री शासनाच्या संकेतस्थळावरून शिष्यवृत्तीसंबंधीचा शासन निर्णय उतरवून घेतला आणि वाचला. शासन निर्णय वाचणे म्हणजे काय असते ते ज्याने वाचला आहे त्यालाच ठाऊक. 'संदर्भाधीन', 'उपरोक्त', 'सदरहू' यांच्या काटेरी कुंपणातून आत शिरायचे आणि आपल्या कामाचे एक वाक्य शोधून बाहेर यायचे. (गंमत म्हणजे बऱ्याच शासन निर्णयांच्या डोक्यावरच लिहिलेले असते, 'वाचा'. लिहिणाऱ्याने बहुधा कुणी वाचणार नाही याच भरवशावर लिहिलेले असते.) तिने सात पाने वाचली. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये या अर्थाच्या वाक्याखाली पेनाने रेघ मारली, स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहिला, सोबत ते पान जोडले आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर जाऊन पोच मागितली. "साहेब नाहीत," असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी साहेब होते. प्रवेश झाला. मुकादमाचे पैसे मुकादमाकडेच राहिले.

आम्ही तिला विचारले, एवढे धैर्य आले कुठून? ती म्हणाली, धैर्याचे काय, सात पानेच तर होती, मी रोज पाच वाचते.

मोर्चा काढावा लागतो तेव्हा काढलाच पाहिजे, आम्हीही काढतो. पण त्या खिडकीवर त्या सकाळी मोर्चा पोहोचणार नव्हता. तिथे एकटी मुलगी होती आणि सात कंटाळवाणी पाने होती. कंटाळवाणे पान शेवटपर्यंत वाचण्याची सवय हे वंचितांच्या हातातले फार मोठे शस्त्र आहे, आणि ते कोणत्याही अभियानात एका दिवसात मिळत नाही.

आता वाचायचे काय, हा पुढचा प्रश्न. बाबासाहेबांचे वाङ्मय म्हटले की मुलांना डोंगर दिसतो आणि डोंगर पाहून ती पायथ्यालाच बसतात. आम्ही सांगतो, पहिल्या खंडातला पहिला निबंध घ्या, 'कास्ट्स इन इंडिया'. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी बाबासाहेबांनी तो वाचला. वीसेक पानांचा आहे. मराठी अनुवाद मिळतो. रोज सहा पाने वाचली तर चार दिवसांत संपतो. त्या वीस पानांत काय आहे? जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर, आणि ते लग्नाचे कुंपण राखण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा बाईच्या माथी मारल्या गेल्या, असा धडधडीत युक्तिवाद आहे. आम्ही समाजशास्त्रात एम. ए. केले तेव्हा जात या विषयावर घुर्ये होते, श्रीनिवास होते, दोन्ही परीक्षेला हमखास येत. हा निबंध अभ्यासक्रमात नव्हता. घुर्ये यांचा 'कास्ट अँड रेस इन इंडिया' १९३२ चा, म्हणजे त्यानंतर सोळा वर्षांनी आलेला. वरच्या जातींचे अनुकरण खालच्या जाती करतात, हे ज्यासाठी श्रीनिवास यांचे नाव घेतले जाते ते 'संस्कृतीकरण' १९५२ च्या ग्रंथातले. अनुकरणाने जात कशी पसरली हे बाबासाहेब १९१६ साली मांडून बसले होते. पदवीच्या कागदावर हे कुठे आले नाही. ते आम्हाला रात्री झोपण्यापूर्वीच्या सहा पानांत सापडले.

अशा वाचनात अडचणीच्या गोष्टीही सापडतात आणि त्या सापडल्याच पाहिजेत. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपल्या प्रत्येक फलकावर असते. गटातल्या एकाने १९४२ च्या नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेतले भाषण वाचले आणि रविवारी येऊन सांगितले की तिथे क्रम वेगळा आहे : शिक्षण, मग चेतवणे, मग संघटन. झाले, दोन रविवार त्यातच गेले. एक म्हणाला, क्रमाने काय फरक पडतो, तीन शब्द आहेत ना? दुसरी म्हणाली, फरक कसा नाही, शिकून मनात आधी आग लागली पाहिजे, मगच माणूस संघटनेत टिकतो. नाहीतर संघटित झालेले लोक पुढच्या निवडणुकीत विकले जातात. यावर एक ज्येष्ठ कार्यकर्ते चिडून उठून गेले. पुढच्या रविवारी ते स्वतः खंड घेऊन आले, खुणेला बसचे तिकीट घातलेले. हे भांडण आम्हाला कोणत्याही जयंतीच्या भाषणापेक्षा मोलाचे वाटते.

याच ज्येष्ठांचा मूळ आक्षेप मात्र वेगळा होता आणि तो गंभीर आहे. त्यांचे म्हणणे असे की 'वैयक्तिक ध्येय', 'रोजची सवय' ही सगळी मध्यमवर्गाची भाषा आहे. बाजारात 'श्रीमंत व्हा', 'यशस्वी व्हा' सांगणाऱ्या पुस्तकांची जी चळत असते, तिचीच ही सावली. चळवळ समूहाची असते, पाने मोजून क्रांती होत नाही. त्यांच्या रागाशी आम्ही निम्मे सहमत आहोत. त्या पुस्तकांमध्ये माणूस एकटाच असतो. त्याला ना आई असते, ना वस्ती, ना पाण्याच्या टँकरची रांग. तो पहाटे पाचला उठतो तेव्हा चहा कोण करते, हे त्या पुस्तकात कधी लिहिलेले नसते.

बाबासाहेबांच्या चरित्रात ते लिहिलेले आहे. परळच्या चाळीत एकच खोली. जाते, चूल, माणसे सगळी तिथेच. रामजी सुभेदार लहान भीमाला लवकर झोपवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि त्याच्या जागेवर आपण आडवे होत. मुलाने पुस्तक मागितले आणि पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात, उसने घेत, वेळप्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणीत आणि पेन्शन आली की सोडवून देत. भीमाचे वाचन वैयक्तिक होते का? एका बापाची झोप आणि दोन बहिणींचे दागिने त्यात गुंतलेले होते.

आणि जिच्यासाठी कुणी जागले नाही, तिचे काय? फलटणच्या बेबीताई कांबळे घरच्या किराणा दुकानात बसत. माल बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या वाचीत. पुढे लिहू लागल्या तर ते लिखाण घरात लपवून ठेवावे लागले, आणि तेही वर्षानुवर्षे. 'जिणं आमुचं' हे आत्मकथन त्या लपवलेल्या कागदांतून आले. आपण कौतुकाने हे सांगतो, पण त्या कुणापासून लपवीत होत्या हे सांगताना आपला आवाज खाली येतो. त्या घरातल्याच माणसांपासून लपवीत होत्या. बाबासाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे. त्या फोटोखाली बसून बाईला अठरा मिनिटे वाचता येते का, हे प्रत्येकाने आपापल्या घरी घड्याळ लावून पाहावे. आमच्या गटातल्या त्या 'एक लेख, पूर्ण' लिहिणाऱ्या ताईंचे वाचन पहिले दोन महिने सतत अर्धवट राहायचे. त्यांच्या मुलाने भाकरी थापायला शिकल्यावर ते पूर्ण होऊ लागले. ज्येष्ठांना आमचे उत्तर हेच आहे : ध्येय एकाचे असते, पण ते राखायला दुसरा कुणीतरी उठावा लागतो, आणि एकमेकांची ती अठरा मिनिटे राखणे हे चळवळीचेच काम आहे.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांविषयी थोडे. अभ्यासिका आज भरलेल्या आहेत आणि तिथे बसणाऱ्या मुलांबद्दल आम्हाला आदर आहे. नोकरी ही आपल्या घरांसाठी चैनीची गोष्ट नाही. पण तिथे जे चालते ते पाठांतर आहे. राज्यसेवेसाठी मागासवर्गीयांची वयोमर्यादा ४३ आहे. चाळिशीपर्यंत वाचून, निवड न झाल्यावर, पुस्तकांचा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन पुन्हा कधीही पुस्तक हातात न धरलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांना पुस्तकाचा राग येतो. तो राग समजण्यासारखा आहे. म्हणून आम्ही अभ्यासिकेतल्या मुलांना एवढेच म्हणतो की दिवसातली सहा पाने अशी वाचा जी परीक्षेत येणार नाहीत.

ती सहा पाने कशाचीही असोत. इथे आमचे गटातल्या काही कडव्या मित्रांशी जमत नाही. त्यांना वाटते, फक्त फुले-आंबेडकर वाचावे, बाकी वेळेचा अपव्यय. आमचे म्हणणे, बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचल्या तरी चालतील. आधी पान उलटण्याची ओढ लागू द्या. सराफा बाजारात कारागिराच्या हाताखाली काम करणारा एक मुलगा आमच्याकडे येतो, नववीत शाळा सुटलेली. रोज दोन पाने हे त्याचे ध्येय. त्याच्या हाती अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' पडली. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली कादंबरी म्हणून त्याने घेतली, आणि त्या रात्री तो पहाटेपर्यंत वाचतच राहिला. सकाळी कामावर भट्टीसमोर डुलकी लागली म्हणून मालकाच्या शिव्या खाल्ल्या. रविवारी तो आम्हाला अपराध्यासारखा सांगत होता की नियम मोडला, दोनच्या जागी दीडशे पाने झाली. आम्ही वहीत तो आकडा लाल पेनाने लिहून ठेवला आहे. त्या रात्रीपर्यंत तो ध्येय पाळीत होता, त्या रात्रीनंतर वाचतो आहे. असे कुणाचे कधी होईल ते सांगता येत नाही. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या एका शाळकरी मुलाला कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी हेरले आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्याच्या हातात दिले. त्या पुस्तकाने आपल्याला बुद्धाकडे वळवले असे बाबासाहेबांनीच पुढे नोंदवून ठेवले आहे. मधे एकोणपन्नास वर्षे गेली आणि १९५६ उजाडले. केळुसकरांनी काही अभियान चालवले नव्हते. एका मुलाला एक पुस्तक दिले होते.

अठरा तासांचे अभियान बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ते होऊ द्या. फक्त रात्री बाराला समारोप करताना आभारप्रदर्शनाऐवजी एक वही फिरवा आणि प्रत्येकाला उद्याचा आकडा लिहायला सांगा. मागच्या वर्षी आम्ही ते केले. सत्तर जणांनी लिहिले. महिन्याभराने विचारले तेव्हा बावीस जण चालू होते. बावीस कमी आहेत असे आयोजकांपैकी काहींना वाटले. आम्हाला ते पुष्कळ वाटले, कारण आदल्या वर्षी विचारायलाच कुणी गेले नव्हते.

सध्या आमच्या गटात 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' सुरू आहे, १९२३ चा ग्रंथ. तो घ्यायचा हट्ट मुलांचाच. रोज दोन पाने आणि तीही रडतखडत. दुहेरी चलनावरून चांदीच्या चलनावर देश कसा आला, या पहिल्याच प्रकरणात आम्ही पाच आठवडे अडकलो आहोत. समाजशास्त्राची पदवी इथे काडीच्या कामाची नाही. नाण्यात किती धातू असतो, कस म्हणजे काय, घट का धरतात, हे आम्हा सर्वांना सराफा बाजारातल्या त्या मुलाने फळ्यावर काढून समजावले. टांकसाळीपर्यंत त्याच्या जोरावर आलो. पुढे हुंडणावळीचा दर लागला आणि तोही थांबला. अकोल्यात कुणाला अर्थशास्त्र येत असेल, आणि रविवारी संध्याकाळी पाचला वेळ असेल, तर त्यांनी विहारात जरूर यावे. चहा आमच्याकडून.

जयभीम.